चेअरमन आणि बारकी

हौसामावशींच्या घरात भाड्यानं राहायला गेले, त्या दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, आणि दुपारी गच्चीवर यायचं नाही, कारण दुपारी गच्चीवर त्या बसतात. नाव, गाव, नोकरी हे सगळं त्यांनी नंतर विचारलं. मी वरवंडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि "गणित," असं म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही मावशी, इतिहास." त्यावर त्यांनी मान हलवली. मी गाव सोडेपर्यंत गल्लीतल्या बायकांना त्या "आमच्या गणिताच्या मॅडम" म्हणूनच माझी ओळख करून देत होत्या.

त्यांचं असंच होतं. एखादी गोष्ट ठरली की ठरली. "माझं ठरलंय," हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते उच्चारलं की कुणी अपील करायचं नाही. गावात नवा पोस्टमन आला, तो शाळेतल्या गुरुजींचा भाऊ आहे असं त्यांनी कुठूनसं ठरवलं. त्या बिचाऱ्यानं काही महिने नाही-नाही म्हणून पाहिलं. मग दमला. गुरुजींची आई वारली तेव्हा मावशींनी त्याला रस्त्यात गाठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला, आणि त्यानंही निमूटपणे सांत्वन करून घेतलं.

मावशी बुटक्या, रुंद, नऊवारी नेसणाऱ्या. कमरेला मिश्रीची डबी. आवाज असा की हायवेवरच्या ट्रकला वाट विचारायची असेल तर गच्चीवरूनच सांगतील. त्यांचे यजमान गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. मी गेले तेव्हा ते हयात नव्हते, पण त्यांची रुंद लाकडी खुर्ची होती. माणूस धिप्पाड. सकाळी ओट्यावर त्या खुर्चीत बसायचे ते रात्री जेवायलाच उठायचे. बसल्या जागी चहा, बसल्या जागी पेपर, बसल्या जागी गावाचे तंटे. मावशी शेतात राबून आल्या की त्यांना हाक यायची, कारण बसून बसून चेअरमनची पाठ आखडलेली असायची. आमच्याकडं दमलेला माणूस पालथा पडतो आणि घरातलं कुणी हलकं माणूस पाठीवर उभं राहून ती तुडवून देतं, तसं मावशी त्यांची पाठ तुडवायच्या. तेव्हा त्या काडीसारख्या होत्या म्हणे. नवऱ्याचा उल्लेख त्या शेवटपर्यंत "चेअरमन" असाच करायच्या, आणि तो आदर होता की टोमणा हे मला कधी नीट कळलं नाही. चेअरमन गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ती खुर्ची गच्चीवर चढवली आणि स्वतः तिच्यात बसल्या.

घरामागं मोठा कडुलिंब होता, आणि गच्चीवरून त्याचा शेंडा अगदी समोर यायचा. फेब्रुवारीत तिथं शिक्र्याच्या जोडीनं काटक्या जमवायला सुरुवात केली. शिक्रा म्हणजे कोंबडीची पिल्लं पळवणारा छोटा ससाणा. बाकीच्यांनी दगड उचलले असते, पण मावशींनी खुर्ची पुढं ओढली. जोडीतलं एक पाखरू अंगानं चांगलं मोठं होतं, दुसरं त्याच्यापेक्षा बरंच लहान. मावशींनी एका दुपारीत निकाल दिला. मोठा तो नवरा, बारीक ती बायको. मोठ्याचं नाव चेअरमन, धाकटीचं बारकी.

"बगा मॅडम," त्या मला म्हणाल्या, "काटक्या कोन आनतंय? बारकी. आन् ह्यो काय करतोय? बसून बगतोय. पाखरात आन् मानसात काय फरक न्हाई."

मार्चात त्यांना आणखी एक पुरावा सापडला. बारकी उडून यायची, चेअरमनच्या पाठीवर उभी राहायची, पंख फडफडवायची आणि उतरायची. दिवसातून कितीतरी वेळा. मावशींना गहिवरून आलं. "बिचारी रान तुडवून येती, आन् आल्यावर पुन्यांदा ह्याची पाठ तुडवती," असं त्यांनी गल्लीत सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, आणि कहर म्हणजे बचत गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. नवऱ्याची सेवा कशी करावी लागते ते त्या पाखराला विचारा, असा एकूण सूर होता. बायकांनी तोंडात पदर कोंबले. एक तर खाली बसली ती उठेचना. मावशींना वाटलं, आपलं बोलणं सगळ्यांच्या काळजाला भिडलं.

आयुष्यभर कोंबड्या, शेळ्या, म्हशी पाळलेल्या बाईला हे कळू नये याचं मला फार नवल वाटलं. पण कळलं असतं, जर आधी ठरलं नसतं. आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांना मी विचारलं. ते म्हणाले की शिकारी पाखरांत मादीच थोराड असते. अंड्यांवर जास्त करून तीच बसते, आणि नर बारका असला तरी शिकार करून सगळ्यांचं पोट तोच भरतो. मी ही बातमी मोठ्या उत्साहानं शेजारच्या तुकाआप्पांना सांगितली. आप्पांच्या वाडवडलांची मेंढरं होती, आता त्यांचा कांदा आणि ऊस होता, आणि मावशींशी भांडणं हा त्यांचा विरंगुळा होता.

"ते सगळ्या आळीला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "तुमी सांगू नगा. करमनूक हाय."

एवढ्यावर ही गोष्ट करमणूकच राहिली असती. पण त्याच वेळी मावशींच्या घरात सुरेखा बाळंतपणाला आली होती.

सुरेखा ही मावशींची एकुलती एक मुलगी. बापासारखी उंच, भरलेली, आणि हसली की घर दणाणायचं. तिनं लग्न केलं ते विलासशी. विलास तळेगाव ढमढेऱ्याचा, कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात शिफ्टवर कामाला. पोरगा सालस, पण अंगानं किडकिडीत आणि सुरेखाच्या खांद्याला लागणारा. मावशींनी लग्नाला विरोध केला होता तो एवढ्यावरच. "जोडा दिसत न्हाई," म्हणून. लग्न झालं, पण मत बदललं नाही, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हटल्यावर मावशींना कायदा करायला घर मोकळं मिळालं. त्यांनी जाहीर केलं की बारशाच्या आधी बापानं लेकराचं तोंड बघायचं नाही.

"आसं कुठं आसतंय?" तुकाआप्पांनी भिंतीवरून विचारलं.

"आमच्यात आसतंय."

त्यांच्यात हे कधीपासून असतंय याचा मी शोध घेतला. बहुधा त्याच मार्चपासून.

मावशींनी जावयाचा अपमान कधीच केला नाही. तिथंच त्यांची करामत होती. विलास शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर यायचा, फाटकापाशी थांबायचा. हातात पिशवी. कधी शहाळी, कधी खारीक-डिंक, कधी भीमेचे मासे, कधी सुरेखाला आवडतात म्हणून पाटसच्या गाड्यावरची भजी. मावशी लगबगीनं पुढं व्हायच्या, डोक्यावरचा पदर सावरायच्या आणि फाटकाच्या आतूनच हात लांब करायच्या.

"पाव्हनं, कशाला तरास घेतला? द्या हिकडं. ऊन लई हाय, बिगीबिगी घरला जावा."

"सुरेखा कशी हाय, मामी?"

"झोपलीया."

झोपलेली सुरेखा मावशींच्या पाठीमागं खिडकीत उभी असायची. तो तिकडं बघून हळूच मान हलवायचा, ती दात दाखवायची, आणि तो गाडी वळवायचा. पिशवी घेऊन मावशी गच्चीवर जायच्या. तिथं नेमका तोच खेळ चाललेला असायचा. बारकी सरडा घेऊन शेजारच्या शेवग्यावर येऊन ओरडायची. मोठं पाखरू घरट्यातून उठून जायचं, सरडा काढून घ्यायचं आणि परत येऊन बसायचं. बारकी पुन्हा शिकारीला. मावशी शहाळं पीत पीत म्हणायच्या, "आनती, देती, आन् आल्या पावली जाती. तक्रार न्हाई, आत घुसायचं न्हाई. आसं मानूस घावाय नशीब लागतं."

हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की फाटकाबाहेर गाडीला किक मारणाऱ्या विलासला ऐकू जायचं. एकदा मी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं की त्या बारकीचं खरं काय आहे. तो हसला. त्याला ठाऊक होतं. सुरेखानंच सांगितलं होतं.

"मामींना सांगू नगा, मॅडम," तो म्हणाला. "बारक्या बाप्याचं कौतुक करतंय कुनीतरी. मला रोज ऐकाय मिळतं."

मला त्याची दया आली, आणि मावशींचा खरोखर राग आला. पण मावशींचा राग टिकत नसे, कारण संध्याकाळी त्या विलासनंच आणलेले मासे तळून माझ्या ताटात वाढायच्या आणि काटा कसा काढायचा ते शिकवायच्या.

मेच्या सुरुवातीला सुरेखाला दौंडच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. विलास रात्रपाळीला होता. तो पोचेपर्यंत मावशी बाळंतिणींच्या खोलीच्या दारात पाय रोवून उभ्या होत्या. आत सगळ्या बायका, पुरुषांना मज्जाव, ही सबब तर दवाखान्यानंच दिलेली. विलासनं पाहिलं ते दुपटं. त्यात कुठंतरी त्याची मुलगी होती. घरी आणल्यावर मावशींनी दुसरा कायदा केला. ऊन फार आहे, पाहुण्यांना त्रास, बारसं जरा पुढं ढकलू. जरा म्हणजे किती, ते त्या सांगत नव्हत्या. सुरेखा मोबाइलवरून फोटो पाठवायची, पण विलास मला म्हणाला की फोटोत वास येत नाही. तो आता पिशवीतून झबली-टोपडी देऊ लागला. मावशी त्या सगळ्या वस्तू आनंदानं घ्यायच्या आणि वस्तू आणणाऱ्याला आनंदानं परत पाठवायच्या.

इकडं कडुलिंबाखालून जाणं मुश्कील झालं होतं. अंडी फुटायला आली तशी मोठी शिक्री भलतीच तापट झाली. दूधवाला, कुत्री, मतं मागायला आलेले उमेदवार, कुणालाच तिनं सोडलं नाही. मागून झपकन यायची आणि टाळूवर टपली मारून जायची. लोक डोक्यावर पाटी घेऊन, छत्री उघडून, एक जण तर कढई घालून जायचा. मावशींना दोनदा नख लागलं. दुसऱ्या दिवशी विलासनं पिशवीतून एक पिवळं हेल्मेट आणलं, कारखान्यात घालतात तसलं. मावशींनी ते तिथल्या तिथं डोक्यावर चढवलं, पदर वरून घेतला, आणि म्हणाल्या, "बेस हाय. जावा आता."

ज्या दिवशी सगळं घडलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. मावशींनी मला मुद्दाम गच्चीवर बोलावून घेतलं होतं, कारण चेअरमनचं काहीतरी बिनसलंय असं त्यांचं म्हणणं होतं. खरोखरच ते पाखरू अस्वस्थ होतं. बसायचं, उठायचं, मान वाकवून पोटाखाली बघायचं, कान देऊन ऐकल्यासारखं करायचं, आणि पुन्हा बसायचं ते अंग चोरून, जणू खाली काही दुखावेल. मग त्याच्या चोचीत कवचाचा तुकडा दिसला. घरट्याच्या काठावर काहीतरी पांढरं, ओलसर, लटपटत होतं.

तेवढ्यात बारकी आली. शेवग्यावर बसून ओरडली. मोठं पाखरू हललं नाही. बारकी पुन्हा ओरडली, मग पायात सरडा घेऊन थेट घरट्यावरच आली. सरडा ठेवला, आणि मान लांब करून आत बघू लागली. फार तर दोन श्वास. मोठ्या पाखरानं पंख पसरले, ते किंचाळलं आणि त्यानं तिला ढुशी देऊन हाकललं. बारकी शेजारच्या फांदीवर जाऊन बसली. तिथूनही तिची मान घरट्याकडंच ताणलेली.

मावशी खुर्चीतून उठल्या.

"आरं ए चेअरमन," त्या गरजल्या, "तिला बगू दे की. दिसभर उन्हात हिंडून घास तिनं आनायचा, आन् लेकराचं तोंड तिनं बगायचं न्हाई? ह्यो कुठला कायदा काढलास? आनतं त्याला बगू दे आदी, मग बस तुज्या खुर्चीवर."

गल्ली थांबली. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. खाली फाटकापाशी विलास पिशवी धरून उभा होता, आणि दाराच्या पायरीवर सुरेखा बाळाला छातीशी घेऊन बाहेर आली होती. ती सहसा आईशी वाद घालत नसे. त्या दिवशी तिनं वर बघितलं.

"आई, आनतं त्यानं तोंड बगायचं, आसंच म्हनलीस न्हवं? मग फाटकापाशी कोन हुबं हाय?"

मावशी गडबडल्या, पण क्षणभरच. "तुजं येगळं. ती आई हाय. आईला आडवत न्हाईत."

आता तुकाआप्पा भिंतीपाशी आले. करमणूक संपवायची वेळ झाली, हे त्यांनाही उमगलं असावं.

"हौसा, ती आई न्हवं. त्यो बाप हाय. आई ती बसलेली."

"तुका, तुजी मेंढरं गेली आन् डोळं बी गेलं."

"बरं. मार्चात पाठ कोन तुडवत व्हतं?"

"बारकी."

"कुनाची?"

"चेअरमनची. आख्ख्या गावाला ठावं हाय."

"आन् मग अंडी झाली."

"व्हय. झाली."

"मग आता शांतपनी इचार कर," आप्पा म्हणाले.

मावशींनी झाडाकडं पाहिलं. मग आप्पांकडं. मग पुन्हा झाडाकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या सगळ्या कोंबड्या आणि शेळ्या एकामागून एक जाताना मला दिसल्या. त्या मटकन खुर्चीत बसल्या, हेल्मेट डोळ्यांवर घसरलं, खांदे गदागदा हलू लागले. मी घाबरून जवळ गेले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात पदर.

"आगं बया," त्या कशाबशा म्हणाल्या, "आन् मी बचत गटात हुबं ऱ्हाऊन सांगितलं."

खाली गल्लीनं इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू सोडलं. सुरेखाचं हसणं तर सोलापूरपर्यंत गेलं असेल. विलास मात्र हसला नाही. त्याची नजर दुपट्यावरून हलत नव्हती.

हसू ओसरल्यावर मावशींनी पदरानं डोळे पुसले, हेल्मेट सावरलं. मग माझ्याकडं न बघता, त्यांच्या मानानं फार हळू आवाजात बोलल्या. "आननारा बाप्या मी ह्या घरात कवा बगितलाच न्हवता, मॅडम. मग वळखू कसा येनार?"

मला त्या वेळी त्या बाईबद्दल जे वाटलं ते कुठल्याच गणितात बसणारं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना कठड्यावर टेकायचं होतं.

"पाव्हनं!"

विलास सवयीनं मागं सरकला. "निघालोच, मामी."

"कुठं निगाला? पिशवी ठिवा. पाय धुवा. उन्हाचं आलाय, लगीच लेकराला हात लावू नगा, हात गार हुंद्या. मान खालनं धरायची तिची. आन् बारसं ऐतवारी. माझं ठरलंय."

विलासनं पाय इतका वेळ धुतले की हौदातलं पाणी संपेल असं वाटलं. मग सुरेखानं बाळ त्याच्या हातात दिलं. तो पायरीवर बसून राहिला, आणि एकदा वाकून त्यानं तिच्या डोक्याचा वास घेतला. त्याच घडीला मोठी शिक्री झेपावली आणि मावशींच्या हेल्मेटवर ठक्कन टपली मारून गेली.

"व्हय गं बाई," मावशी म्हणाल्या, "तुजं बी खरं."

आपली चूक मावशींनी कुणाजवळ कबूल केली असं मात्र समजू नका. आठवड्याच्या आत त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला शिक्र्याची जोडी दाखवून सांगू लागल्या की ह्या पाखरांत बारका तो नर असतो, एवढं साधं कसं ठाऊक नाही लोकांना. मोठीचं नाव चेअरमनच राहिलं, पण बारकीचं बदललं. बारक्याला त्या आता "पाव्हनं" म्हणायच्या.

पुढच्या मार्चात माझी बदली शिरूरकडं झाली. सामान टेम्पोत भरलं आणि मी निरोप घ्यायला गच्चीवर गेले. दुपारच होती. मावशी त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, पिवळं हेल्मेट मांडीवर, पण खुर्चीची पाठ कडुलिंबाकडं आणि तोंड अंगणाकडं. सुरेखा केव्हाच कुरकुंभला आपल्या घरी नांदत होती. त्या दिवशी तिघं जेवायला आली होती. अंगणात विलास पोरीला वरणभात भरवत होता, चिमणीएवढे घास करून, आणि आतून सुरेखा ओरडत होती की भात आणखी मऊ कर.

"मावशी, खुर्ची का फिरवली? शिक्रे आले नाहीत का या वर्षी?" मी विचारलं, आणि झाडाकडं वळले.

मावशींनी माझी हनुवटी धरली आणि तोंड अंगणाकडं फिरवलं.

"आल्यात की. पर तकडं बगू नगा, पाठ तुडवायची येळ हाय त्यांची," त्या म्हणाल्या. "बसा हितं. आमचं पाव्हनं बगा, पोरीला कसं चारत्यात."

मी बसले. पाठीमागं कडुलिंबात पंख फडफडले, पण आम्ही दोघींनी वळून पाहिलं नाही.